शिळ्या लझानियाला ऊत

मराठी घराचा फ्रिज हे अन्न गार ठेवण्याचं यंत्र आहे, असं फक्त फ्रिज विकणाऱ्यांना वाटतं. प्रत्यक्षात ते निर्णय पुढं ढकलण्याचं यंत्र आहे. जबलपुरातल्या आमच्या घरी वरच्या कप्प्यात सायीचं पातेलं, त्यावर ताटली, ताटलीवर वाटी, वाटीत परवाची आमटी, तिच्यावर पुन्हा एक छोटी ताटली आणि या मनोऱ्याच्या टोकाला लिंबाची अर्धी फोड. मधल्या कप्प्यात कणकेचा गोळा, ओल्या फडक्यातली कोथिंबीर आणि आइस्क्रीमचे डबे, ज्यांत आइस्क्रीम सोडून सगळं असतं. नातू 'बटरस्कॉच' असं वाचून मोठ्या आशेनं झाकण उघडतो आणि आत मोड आलेले मूग बघून पुन्हा लावतो. या वयात आलेली निराशा माणसाला आयुष्यभर पुरते.

यातलं काहीही टाकायचं नसतं. शिळं हा आमच्याकडे पदार्थाचा शेवट नव्हे, तो कच्चा माल. रात्रीच्या पोळ्यांची सकाळी फोडणीची पोळी होते, गूळ-तूप भेटलं तर लाडू होतो. भाताला फोडणी मिळते. उरलेल्या आमटीत पीठ भिजवून थालीपीठ लागतं, कोरडी भाजी पराठ्यात जाते. पुरणपोळी तर दुसऱ्या दिवशी दुधात कुस्करल्याशिवाय खरी लागतच नाही. एकदा तेलात मोहरी तडतडली की कालच्या अन्नावर आजची तारीख पडते आणि मग त्याला शिळं म्हणायची कुणाची हिंमत होत नाही. शेजारच्या भाभी हिंदी मुलखातल्या. त्या सरळ 'बासी' म्हणतात आणि गायीला घालतात. आमच्या सासूबाईंना त्या गायीचा हेवा वाटतो.

आम्ही इथं कसे, हा प्रश्न पुण्याच्या नातेवाइकांना दर लग्नात नव्यानं पडतो, म्हणून उरकून टाकते. १७९८ पासून १८१७ पर्यंत जबलपूर नागपूरकर भोसल्यांकडे होतं. पुढं इंग्रजांच्या मध्य प्रांतात आलं, त्याची राजधानी नागपूर, आणि १९५६ साली नवा मध्य प्रदेश होईपर्यंत हे नातं टिकलं. मग रेल्वे, १९०४ ची गन कॅरेज फॅक्टरी, कॉलेजं, हायकोर्ट, अशा कुठल्या ना कुठल्या दारानं मराठी माणूस आत आला आणि नर्मदेचं पाणी प्यायल्यावर परत गेला नाही. भाषा मात्र थोडी इकडची तिकडची झाली. सासूबाई आजही 'मी दूध तापवून राहिली' म्हणतात आणि पुण्याची सून शुद्धलेखनाच्या वहीत बघितल्यासारखी त्यांच्याकडे बघते.

त्या सुनेनंच घरात लझानिया आणला.

दिवस मटाराचे होते. हिवाळ्यात शहापुरा-पाटणकडून मटाराच्या गोण्या यायला लागल्या की जबलपुरात रिकामा हात दिसत नाही. टीव्हीसमोर, ओसरीवर, सायकलरिक्षात, जिथं तिथं माणसं मटार सोलत असतात. करंज्या झाल्या, उसळ झाली, भात झाला. तेव्हा सून म्हणाली, "आई, या वेळी मटार-पालक-पनीरचा लझानिया करू या." सासूबाईंनी पाकिटावरचा हिरवा ठिपका चष्मा लावून तपासला आणि परवानगी दिली. इटलीत बोलोन्याकडे लझानियाच्या पातीतच पालक मळतात आणि ती हिरवीगार लाटतात. आमच्याकडे पालक सारणात गेला आणि पाती कोरडी, पाकिटातली. खाली टोमॅटोचा रस्सा, त्यावर पाती, त्यावर भाजी, त्यावर मैदा-दुधाची पांढरी खळ, त्यावर चीज, आणि पुन्हा पहिल्यापासून. सासूबाई शेवटपर्यंत शेजारी उभ्या होत्या. सगळं बघून झाल्यावर म्हणाल्या, "म्हणजे पोळीवर भाजी आणि भाजीवर पोळी. मी हे कुस्करूनच केलं असतं."

झाला उत्तम. पण त्याआधी सगळ्यांनी 'चव बघायला' म्हणून मटाराच्या करंज्या हाणल्या होत्या, त्यामुळं काचेचा तो मोठा ट्रे निम्मा उरला. आणि घरात पहिल्यांदाच असा पदार्थ उरला, ज्याला फोडणी देता येत नव्हती.

पहिला वाद झाला तो निवण्यावरून. "निवू दे आधी, मग ठेव फ्रिजमध्ये," हे वाक्य मराठी घरात कुणी कुणाला शिकवत नाही, ते जन्मतःच येतं. गरम भांडं आत ठेवलं की फ्रिज बिघडतो, असा त्यामागचा सिद्धान्त. जुन्या छोट्या फ्रिजात आधण आलेलं पातेलं ठेवलं तर शेजारचं दूध तापत असे हे खरं, आणि आजही उकळता हंडा कुणी आत ठेवावा असं नाही. पण आपण निवण्याची वाट बघतो ती किती? ओट्यावर झाकून ठेवलं, सिरीयल बघितली, पुण्याला फोन झाला, आणि मग झोपताना, "अगोबाई, ते राहिलंच की बाहेर!" अन्नसुरक्षेचा जगभरचा नियम साधा आहे. गरम ते ६० अंशांच्या वर, थंड ते ५ च्या खाली, आणि मधल्या पट्ट्यात शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त नको. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. या मधल्या पट्ट्यात जिवाणूंना सोयीचं ऊन-पाणी मिळालं की काही जाती वीस-वीस मिनिटांत दुप्पट होतात.

आता हा नियम जबलपूरला लावून बघा. मे महिन्यात, नवतपाच्या दिवसांत, पारा ४२-४३ ला असतो आणि कूलर स्वतःच घामाघूम होतो. तेव्हा 'निवू दे' म्हणणं म्हणजे तो पदार्थ कधीच फ्रिजमध्ये जाणार नाही, असं म्हणणं. स्वयंपाकघरच जिथं चाळिशीला टेकलंय, तिथं लझानिया निवून निवून किती निवेल? हिवाळ्यातला गैरसमज याच्या उलट. "एवढी थंडी पडलीय, बाहेरच राहू दे." जानेवारीत रात्री अंगणात पारा आठ-दहावर येतो, पण स्वयंपाकघरात शेगडीची ऊब असते आणि आपण खिडक्या लावून घेतलेल्या असतात. फ्रिजची पाचाखालची थंडी जबलपूरच्या ओट्यावर कधीच उतरत नाही. उतरली तर आपण स्वयंपाकच करणार नाही.

इथं शेजारचे काका मदतीला आले. हे गन कॅरेज फॅक्टरीतून निवृत्त झालेले, त्यामुळं घरातल्या कुठल्याही अडचणीकडे ते तोफेचा गाडा समजून बघतात. म्हणाले, "परातीत गार पाणी घ्या आणि ट्रे त्यात ठेवा." सल्ला अस्सल आहे. उन्हाळ्यात दूध नासू नये म्हणून आजेसासूबाई पातेलं असंच परातीत ठेवत, आणि आमटी-रस्सा लवकर निववायला याहून चांगली युक्ती नाही. पण ट्रे काचेचा आणि ओव्हनमधून निघालेला! सुनेनं परात हिसकावून घेतली म्हणून काच वाचली. लझानिया निववायचा तर तो पाडायचा. वड्या पाडतो तशा चौकोनी वड्या पाडून उथळ डब्यांत एकेक थर मांडायचा. अख्खा ट्रे वरून गार लागतो, पण तीन बोटं जाडीचा तो ऐवज पोटात तासन् तास कोमट राहतो आणि नेमकी तीच कोमट जागा जिवाणू शोधत असतात. सुटे तुकडे अर्ध्या-पाऊण तासात निवतात, आणि थोडे कोमट असतानाच आत गेले तरी आजच्या फ्रिजला त्याचं काही वाटत नाही.

फ्रिजला वाटत नाही, पण फ्रिजमध्ये जागा हवी. ती करायला आमच्याकडे महापालिकेच्या अतिक्रमणविरोधी पथकासारखी मोहीम काढावी लागली. नोटिसा, आरडाओरडा, "हे माझं आहे, याला हात लावायचा नाही," सगळं झालं. एका बाटलीत कुणाच्या तरी मुंजीतलं लोणचं निघालं. ज्याची मुंज होती तो आता बंगळुरूला दाढी ठेवून आहे. फ्रिज असा ठासून भरला की आतली गार हवा फिरत नाही आणि मधल्या कप्प्यात पाच अंश राहतच नाहीत, हे मी यांना कितीतरी वर्षं सांगतेय. सुनेनं तापमापी ठेवून दाखवली तेव्हा मात्र लगेच पटलं. असो.

बरेच तुकडे झाकणाच्या डब्यांत गेले. डबे संपले तेव्हा उरलेले स्टीलच्या ताटात मांडून वर ॲल्युमिनियमची फॉइल घट्ट बसवली. सकाळी बघतो तर फॉइलला टाचणीनं टोचावीत तशी भोकं आणि भोकांखाली लझानियावर करडे ठिपके. सासूबाई म्हणाल्या, "झुरळ." आमचे हे म्हणाले, "उंदीर." बंद फ्रिजमध्ये उंदीर स्वेटर घालून गेला होता का, हे मी विचारलं नाही. काकांना बोलावणं गेलं. त्यांनी फॉइल उजेडात धरली, ताट उलटंपालटं केलं आणि नोकरीतही कधी दिसला नसेल असा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर दिसला.

"वहिनी, ही बॅटरी आहे!"

आणि होतीच. खाली स्टील, वर ॲल्युमिनियम, मध्ये टोमॅटोचा आंबट-खारट ओलावा. दोन वेगळे धातू एकमेकांना कडेला टेकलेले आणि मध्ये क्षार, एवढं मिळालं की वीज वाहायला लागते. ॲल्युमिनियम त्यात झिजतं आणि जिथं पदार्थाला चिकटलंय तिथं विरघळून भोक पडतं. परदेशात हे इतक्या घरांत घडतं की या प्रकाराला चक्क 'लझानिया सेल' असं नाव आहे. काका पुढं इलेक्ट्रॉन कुठून कुठं जातात ते सांगणार होते, पण सासूबाईंनी त्यांना थांबवलं. "म्हणजे कळकलं म्हणा ना सरळ!" बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं, हे त्यांना लग्नाआधीपासून ठाऊक होतं. कल्हईवाला दारात येऊन बसायचा, भाता फुंकायचा, नवसागराचा पांढरा धूर निघायचा आणि काळपट पातेलं चांदीचं होऊन परत यायचं. धातू आणि आंबट यांचं पटत नाही, हे शिकायला त्यांना फॅक्टरीत भरती व्हावं लागलं नव्हतं. काका थोडे खट्टू झाले. ठिपके विषारी नसतात, तेवढा भाग खरवडून टाकला की झालं. पण त्यानंतर आमच्याकडे टोमॅटोचं काहीही काचेच्या नाहीतर प्लास्टिकच्या डब्यात, त्याच्याच झाकणाखाली जातं.

तिसरा वाद नाकाचा. सासूबाईंचं नाक हे आमच्या घरचं सर्वोच्च न्यायालय. झाकण उघडायचं, एकदा हुंगायचं, "चांगलंय" किंवा "विटलं". अपील नाही. आंबलेलं, बुरा आलेलं, तार सुटलेलं त्यांच्या नाकातून कधी निसटलं नाही. पण अन्नात आजार माजवणारे जिवाणू बहुतेक वेळा वास सोडतच नाहीत. भात आणि पास्ता यांचा एक खास पाहुणा आहे, बॅसिलस सीरियस. याची बीजं शिजवण्यातून वाचतात, अन्न कोमट पडून राहिलं की उगवतात आणि एक असं विष सोडतात, जे कुकरच्या तापमानालाही दाद देत नाही. म्हणजे जिवाणू मरतो, विष राहतं. २००८ साली ब्रुसेल्समधल्या एका वीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं पाच दिवस स्वयंपाकघरात बाहेरच राहिलेली टोमॅटोची स्पगेटी मायक्रोवेव्हमध्ये गरम करून खाल्ली आणि त्याच रात्री तो गेला. असं क्वचितच घडतं, बहुतेकांचं ओकाऱ्यांवर निभावतं. पण त्यानं गरम केली होती, हे विसरता येत नाही. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताला आपण सकाळी जी फोडणी देतो, तिनं चव येते. झालेलं नुकसान तिनं भरून निघत नाही. तो भात रात्रीच फ्रिजमध्ये गेला असेल तर फोडणी खुशाल द्या, वर कोथिंबीरही घाला.

जुन्या लोकांना हे अगदीच कळत नव्हतं असं म्हणवत नाही. शीतला सप्तमीला आमच्याकडे श्रावणात चूल पेटत नाही, आदल्या दिवशीचं खायचं. भाभींकडे तेच होळीनंतरच्या अष्टमीला, त्याला बसोडा म्हणतात. त्यांच्याकडून त्या दिवशी ताट येतं त्यात पुऱ्या असतात, गोड पदार्थ असतात, तळलेलं असतं. पातळ, दुधाळ, भाजी-रश्शाचं सहसा काही नसतं. शिळं खायचंच तर काय खावं, याची निवड कुणीतरी विचारानं केली असणार. ज्या देवीच्या रोगासाठी हे चालायचं तो १९८० साली जगातून गेल्याचं जाहीर झालं. पुऱ्या अजून येतात.

आता गरम करणं. मायक्रोवेव्ह हे रडारवाल्यांचं अपत्य. अमेरिकेत १९४५ च्या सुमारास पर्सी स्पेन्सर नावाच्या इंजिनीअरच्या खिशातलं चॉकलेट रडारच्या नळीपाशी वितळलं, असं सांगतात, आणि तिथून ही पेटी निघाली. तिच्या लहरी पदार्थात दोनेक सेंटिमीटरच नीट शिरतात. पुढचं काम बाहेरची ऊब आत झिरपण्यावर. म्हणून आमचे हे तुकडा आत टाकून पूर्ण जोरावर बटण दाबतात, तेव्हा कडा खदखदतात, चीज छताला लागतं आणि मध्ये नर्मदेचं पौष महिन्यातलं पाणी असतं. सून करते ते असं. तुकडा ताटलीत घ्यायचा, कडेला चमचाभर दूध किंवा पाणी, वर झाकण, मध्यम जोर, अर्ध्यावर थांबून ताटली फिरवायची, आणि झाल्यावर दोन मिनिटं तसाच ठेवायचा म्हणजे ऊब आतपर्यंत पोचते. मग त्याच्या पोटात टोकदार तापमापी खुपसायची. ७४ अंश दिसले पाहिजेत.

सासूबाईंनी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा विचारलं, "त्याला काय ताप आलाय?"

"नाही आजी, चौऱ्याहत्तर आहे."

"चौऱ्याहत्तर? मग गेला की तो!"

फॅरनहाइटमध्ये आयुष्य गेलेल्या बाईला सेल्सिअस समजावण्यात तो तुकडा पुन्हा गार झाला. आणि पुन्हा गरम केला नाही, कारण खायचा तेवढाच काढायचा आणि एकदाच गरम करायचा, हाही नियम आहे. तो गारच खाल्ला गेला, कुणी खाल्ला ते पुढं येईल.

वीज गेल्यावरचा उपाय मात्र सासूबाईंचा. त्यांनी मोदकपात्र काढलं, चाळणीवर लझानियाच्या वड्या मांडल्या आणि वाफ आणली. पाती मऊ, कडा ओल्या, मध्यापर्यंत वाफाळलेलं. मग बिडाच्या तव्यावर मंद आचेवर, वर झाकण. खालचं चीज खरपूस झालं आणि यांनी जाहीर केलं की हा पहिल्या दिवसापेक्षा चांगला लागतोय. ते खरंही होतं. रात्रभरात थर एकमेकांत मुरतात, रस्सा पातीत जिरतो. शिळ्या कढीला ऊत आणू नये असं आपण म्हणतो ते भांडणाबद्दल. खऱ्या कढीला, रश्शाला आणि आमटीला दुसऱ्या दिवशी चांगला सणसणीत ऊत आणलाच पाहिजे.

आता तो गार तुकडा. मराठी घरात ताजं सगळ्यांसाठी असतं आणि शिळं 'मला चालतं' म्हणणाऱ्या बाईसाठी. सासूबाई 'मला चालतं' म्हणतात. त्यांच्याआधी त्यांच्या सासूबाई म्हणायच्या. मीही म्हणायला लागले होते. घरातलं सर्वांत म्हातारं पोट, जे अशा बाधेपुढं सगळ्यांत हळवं, त्यालाच आपण तिसऱ्या-चौथ्या दिवसाची वाटी देतो आणि तिला काटकसर म्हणतो. सुनेनं आता डब्यांवर तारखेच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. तीन, फार तर चार दिवस. त्यापुढं राहणार असेल तर दुसऱ्याच दिवशी फ्रीजरमध्ये. आणि दुसऱ्या दिवशीचा लझानिया ताटं वाढतानाच सगळ्यांना सारखा वाटायचा, यांना धरून, काका आले असतील तर त्यांनाही. तुमच्याकडेही आज रात्री काही उरलं, तर आधी एवढंच करा: दोन तासांच्या आत डब्यात घाला, तारीख लिहा, आणि 'मला चालतं' असा आवाज स्वयंपाकघरातून आला तर तो ऐकू नका.